एसी बघायला आलो होतो

शारजात विजेच्या खात्याचं नावच ‘सेवा’.
सेवा तोडली मंगळवारी, दुपारी दोनला, ऑगस्टात.
इडलीचं पीठ संध्याकाळपर्यंत
डब्याबाहेर येऊन ओट्यावरून चालू लागलं.

करार वेंगुर्लेकरांच्या नावावर.
हॉलमध्ये तमिळ जोडपं, मागच्या खोलीत आम्ही तिघं,
सगळे त्यांचे पोटभाडेकरू
(काय नेमका शब्द केलाय कुणीतरी).
दर एक तारखेला रोख, मोजून, त्यांच्या हातात.
ते पैसे सात महिने मालकापर्यंत गेलेच नव्हते
हे कळलं दारावरच्या अरबी कागदावरून.
नातूर शफीकुलनं तो वाचून दाखवला
बंगाली वळणाच्या हिंदीत, बोट फिरवत,
आणि शेवटी म्हणाला, "मतलब, खलास."

वेंगुर्लेकर रविवारच्या विमानानं गेले होते.
आदल्या दिवशी माझा पाच लिटरचा कुकर
मागून नेला होता, शिट्टीसकट.
पैशांचं विसरता येतं थोडंफार.

सात दिवसांची मुदत.
शेजाऱ्यांकडून ओढलेल्या वायरीवर एक पंखा.
सतरा नंबरची शाळेची बस जिथून वळते
त्याच्या अलीकडेच घर हवं.
बाहेर पडलं की चष्म्यावर धुकं धरतं,
ते पुसत खांबाखांबावरच्या चिठ्ठ्या वाचायच्या:
बेडस्पेस, खिडकीशेजारी.
फक्त केरळी फॅमिली.
शाकाहारी, शांत, मुलं नकोत.
चिठ्ठीखाली फोन नंबरांची कापलेली झालर.
मी एकेक नंबर फाडत गेले,
पर्समध्ये नंबरांचा चुरा झाला.

"मराठी म्हणजे नॉर्थ की साउथ?" एकीनं विचारलं.
म्हटलं, मधले.
"मधल्यांचं मालकांना विचारून सांगते."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आई म्हणाली फोनवर.
विंचू आहेत गं इथे.
त्यांना नाही द्यावे लागत
पुढच्या तारखांचे चार चेक.

शनिवारी मुदस्सर एजंटानं नेलं अबू शगाराला.
चौथा मजला. लिफ्टमध्ये म्हणाला,
"आत काही बोलू नका. आपण एसी बघायला आलोय."

दार उघडलं एका फिलिपिनो बाईनं,
केस ओले, हातात उलथनं.
आतून व्हिनेगरचा आणि भाताचा वास.
खुर्चीच्या पाठीवर नर्सचा गणवेश,
बिल्ल्यावर नाव, लोर्ना.
"एसी?"
"एसी," मुदस्सर म्हणाला.

मी मान वर करून बघितलं. चांगला होता.
मग न्हाणीघर बघितलं, तिथे एसी नव्हता.
मग ओटा: लांब, खिडकीखाली,
आणि नसलेल्या कुकरची जागा
माझी ठरूनही गेली तिथे, डावीकडे.
जुईनं भिंतीलगत पावलाला पाऊल लावत मोजलं.
पलंग बसतो, तिनं मराठीत सांगितलं, मोठ्यांदा.
श्रीरंग खोकला.

लोर्नानं आम्हाला पाणी दिलं.
तीन पेले, तिन्ही वेगवेगळे, गार.
बाहेर फार तापलंय, म्हणाली,
आणि एसी दुरुस्त होणार म्हणून
आमचे आभार मानले.

"महिनाअखेर रिकामं," जिन्यात मुदस्सर.
तिला माहीत आहे?
"लागेल ना कागद दारावर."

रात्री श्रीरंग टॉर्च तोंडात धरून
चेकबुक उघडून बसला.
पहिल्यावर तारीख घातली. माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, ओटा चांगला आहे.
म्हटलं, बसथांबाही जवळ.
त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

मग मी पर्स उपडी केली सतरंजीवर.
त्या चुऱ्यात एखादा अख्खा नंबर असेल म्हणून
एकेक कपटा पंख्यापासून हातानं आडवून बघत राहिले.
एकावर सातच आकडे होते.
ते त्याला वाचून दाखवले,
एकेक, सावकाश,
आणि तो लिहून घेत होता.